मामाच्या वळणावर

दादाचा दिवस बाथरूममध्ये सुरू व्हायचा आणि तिथून त्याला घाईनं बाहेर पडता यायचं नाही. टबात कोमट पाणी घेऊन बसायचं, अंग चांगलं भिजू द्यायचं, मग मऊ फडक्यानं नडग्या, पोट, दंड, मान असं हळूहळू पुसत जायचं. पाण्यावर राखाडी पापुद्र्यांची साय धरायची. बाहेर आल्यावर टॉवेलनं नुसतं टिपायचं, चोळायचं नाही, आणि अंग ओलसर आहे तोवर मलम लावून मोकळं व्हायचं. जरा रेंगाळलं की पाणी उडून जायचं आणि कातडी आधीपेक्षाही आवळून यायची, आटलेल्या सदऱ्यासारखी. मलम मुरेपर्यंत जुने, तेलकट झालेले सुती कपडे घालून बसून राहायचं. मग चादर झटकायची, खाली पडलेला कोंडा झाडून घ्यायचा आणि दुकान गाठायचं. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा हेच. या कामाला सुट्टी नव्हती. सर्दी-तापात एखादा दिवस चुकला तर गुडघ्यामागून भेगा पडायच्या आणि जिना उतरताना त्या आपली आठवण करून द्यायच्या.

दुखणं जन्माचं होतं. जन्मल्यावर महिन्याभरातच अंगाची सालं निघायला लागली होती, ती थांबली नाहीत. अंगभर तपकिरी खवले यायचे, कोरड्या तळ्यातल्या चिखलाला तडे जावेत तसे. गंमत अशी की चेहरा स्वच्छ होता आणि तळहातही. त्यामुळे लोक आधी त्याच्याकडे बघून हसायचे, बोलायचे, आणि बोलता बोलता त्यांची नजर कानाखाली मानेवर घसरली की त्यांच्या तोंडावरचं हसू विरून जायचं. एवढा नीटनेटका माणूस आणि मान महिनोन्‌महिने धुतलेली नाही, असंच कुणालाही वाटावं.

शाळेतल्या मास्तरांना तसंच वाटलं होतं. त्यांनी त्याला सगळ्या वर्गादेखत नळावर पाठवलं आणि मळ निघेपर्यंत आत यायचं नाही असं बजावलं. दादानं दगडानं मान घासली. मळ निघाला नाही, रक्त मात्र निघालं. दुसऱ्या दिवशी आई शाळेत गेली. "मास्तर, तो मळ नाही, माझ्या मुलाची कातडी आहे," एवढंच म्हणाली आणि परत आली. मास्तर खजील झाले, पण पोरांनी तोवर त्याचं नाव 'सालपट' ठेवून टाकलं होतं आणि ते शाळा सुटेपर्यंत सुटलं नाही.

घरात मात्र या दुखण्याची थट्टा चालायची आणि ती बोचायची नाही. आई म्हणायची, "आमच्याकडचं एकही दार कधी करकरत नाही. दादाचा हात फिरतो ना बिजागऱ्यांवरून." धाकटी बहीण, जिला सगळे छोटीच म्हणायचे, बाथरूमच्या दाराबाहेर मलमाचा डबा मांडीवर घेऊन बसायची. तो बाहेर आला की भिंतीला रंग द्यावा तशी त्याच्या पायांना मलम फासायची, मध्येच बोटानं त्यात फुलं काढायची. गल्लीतल्या एका मुलीनं 'सालपट' म्हटलं तेव्हा छोटीनं तिची वेणी धरून तिला खाली लोळवलं होतं. दादाला वाटायचं, जगात एक माणूस असं आहे ज्याला हे दिसतच नाही. आईला दिसतं, पण ती आई आहे. छोटीला दिसतच नाही.

"मामाच्या वळणावर गेलाय," आई अधूनमधून म्हणायची. तिच्या भावाचं अंग असंच होतं म्हणे. तो तरुणपणीच घर सोडून गेला आणि परत आला नाही. ती हे म्हणायची तेव्हा एखाद्याचं नाक मामासारखं असावं तसं म्हणायची. त्यातून पुढचं काही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मोठा झाल्यावर दादा चष्म्याच्या दुकानात लागला. सुरुवातीला मालकांनी त्याला काउंटरवर ठेवलं. गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी नीट बसवायची, नाकावरच्या गाद्या जुळवायच्या, त्याचा हात या कामात हलका होता. पण एकदा वाकून दांडी बसवताना त्याच्या कॉलरमधून दोन-चार पापुद्रे एका बाईच्या काळ्या पर्सवर पडले. त्यांनी नुसती पर्स झटकली. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "अरे दादा, आतल्या मशीनवर माणूस हवाच होता. तू बस तिकडे. काचा घासायला तुझ्यासारखा हात नाही." मालक भले होते, म्हणून त्यांनी ते असं सांगितलं. दादानंही तसंच ऐकून घेतलं. तेव्हापासून तो मागच्या खोलीत, फ्रेमच्या मापानं काचा घासायच्या मशीनवर. मशीनवर सतत पाण्याची धार, त्यामुळे हात कोरडे पडायचे, पण तिथे कुणी बघायला नव्हतं.

त्याच्या खोलीला लागून डोळे तपासायची अंधारी खोली होती. तिथे नंबर काढणाऱ्या बाई बसायच्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघं मधल्या बाकावर चहा प्यायचे. बाई मोकळ्या स्वभावाच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सरळ विचारलं, "मानेला काय झालंय?" त्यानं सांगितलं. "दुखतं का?" "थंडीत दुखतं." "बरं," म्हणाल्या आणि दुसऱ्या विषयावर गेल्या. असं कुणी कधी केलं नव्हतं. त्या बाकावर दोन-तीन वर्षं गेली. एक दिवस कप खाली ठेवत बाई म्हणाल्या, "तुम्ही काही विचारणार नाही असं दिसतंय. म्हणून मीच विचारते. लग्न करायचं का आपण?"

दादानं हातातला कप बाकावर ठेवला. त्याला हो म्हणायचं होतं. पण त्यानं फार पूर्वी, मिसरूड फुटायच्या वयातच, स्वतःशी ठरवून टाकलं होतं की हे आपल्याबरोबर संपवायचं. आपल्या पोरानं नळावर उभं राहून मान घासायची नाही.

"मला मुलं होऊ द्यायची नाहीत," तो म्हणाला.

"मला हवी आहेत," बाई म्हणाल्या. "एकदा डॉक्टरांना विचारून तरी बघा. सगळ्याच मुलांना होईल असं थोडंच आहे?"

"विचारून काय होणार? मला झालं ना."

त्यानं विचारलं नाही. पेठेतले डॉक्टर वर्षानुवर्षं तेच मलम लिहून द्यायचे आणि तो तेच आणायचा. उघडं होऊन कुणापुढे उभं राहायचं, नव्यानं सगळं सांगायचं, हे त्याला नको होतं. बाईंनी थोडी वाट पाहिली. मग त्यांचं लग्न दुसरीकडे ठरलं आणि त्या गाव सोडून गेल्या. जाताना त्यांनी त्याला चांगला मोठा कप भेट दिला. दादानं तो वापरला नाही आणि टाकलाही नाही.

आई गेली तेव्हा त्याची चाळिशी उलटून गेली होती. आई होती तोवर पाठीला तीच मलम लावायची. शेवटी शेवटी तिची बोटं वळायची नाहीत, तरी तळव्यानं लावायची. ती गेल्यावर दादानं एका लांब लाकडी पळीला फडकं गुंडाळलं आणि त्यावर मलम घेऊन पाठीवर फिरवायला लागला. मधला भाग राहूनच जायचा. तिथली कातडी झाडाच्या सालीसारखी झाली. रोज दुपारी तो खुर्चीच्या पाठीला पाठ घासायचा आणि मालक आत आले की नीट बसायचा.

छोटीचं लग्न तोवर होऊन गेलं होतं. नवरा सरळ माणूस, वीज मंडळात नोकरीला. उशिरा का होईना तिला दिवस गेले. तारीख उलटली तरी कळा येईनात, शेवटी पोट उघडून बाळ काढावं लागलं. मुलगा. दादा दवाखान्यात गेला तेव्हा छोटीनं बाळ त्याच्या हातात दिलं नाही, त्याच्या कुशीतच कोंबलं. "घे रे, बघ तुझा भाचा." बाळ गुलाबी होतं, लोण्यासारखं. दादानं त्याच्या मानेवरून मागून बोट फिरवलं. मऊ होती. त्याला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना तो दोन थांबे आधीच उतरून चालत गेला.

बाळ काही आठवड्यांचं झालं आणि छोटीचा फोन आला. आवाज बसलेला. "दादा, याच्या पायांची सालं निघतायत."

"लहान बाळांची निघतात. पहिली कातडी जाते," दादा म्हणाला. बोलताना तो भिंतीला टेकला होता.

"तू येऊन बघ."

तो गेला. बाळाच्या नडग्यांवर बारीक चौकटी उमटल्या होत्या. कुणाला दिसल्याही नसत्या. त्या दोघांना दिसल्या. छोटीनं त्याच्याकडे न बघता बाळाच्या पायांवर दुपटं ओढलं.

मोठ्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे तोच तिच्याबरोबर गेला, नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी बाळाला पालथं केलं, उताणं केलं, मग त्यांची नजर दादाच्या मानेवर गेली.

"तुम्ही बाळाचे मामा?"

"हो."

"बाळंतपणात कळा येत नव्हत्या का?" त्यांनी छोटीला विचारलं. "आणि तुमच्या आईला, यांच्या वेळी?"

"आईला फार उशीर झाला होता म्हणायची," छोटी म्हणाली. "आईच्या भावालाही होतं हे."

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. हे दुखणं बायकांमधून पुढे जातं. बाईला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या मुलाला होऊ शकतं, आणि असं बाळ पोटात असलं की कळा उशिरा येतात. यात कुणाचा दोष नाही. मलमं आहेत, वेळच्या वेळी केलं तर मूल हसतंखेळतं राहतं.

"म्हणजे माझ्याकडून," छोटी म्हणाली.

"कुणाकडून असं म्हणू नका."

दादा पुढे वाकला. तो म्हणाला, "आणि मला मुलं झाली असती तर?"

"तुम्हाला?" डॉक्टरीणबाई हसल्या, त्यांना बऱ्याच वेळानं चांगली बातमी सांगायला मिळत होती. "तुमच्या मुलाकडे हे गेलंच नसतं. मुलगी झाली असती तर तिला त्रास नाही, पुढे तिच्या मुलाला झाला असता कदाचित. मुलगा मात्र अगदी स्वच्छ. बायको-मुलं नाहीत का तुम्हाला?"

"नाहीत."

"अहो मग भिण्यासारखं काही नव्हतं त्यात," त्या म्हणाल्या आणि बाळासाठी मलम लिहायला लागल्या.

दादा खुर्चीत बसून राहिला. त्याला बाकावरचा चहा आठवला आणि बाईंचा आवाज, एकदा डॉक्टरांना विचारून तरी बघा. त्यानं जे आपल्याबरोबर संपवायला घेतलं होतं ते त्याच्या हातात कधी नव्हतंच. ते छोटीच्या अंगात होतं, लहानपणी शेजारी बसून त्याच्या पायांवर मलमाची फुलं काढत होतं.

बाहेर बोळात छोटी थांबली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, तू थोडे दिवस घरी येऊ नकोस."

"का गं?"

"तू समोर आलास की मला हा दिसतो. मोठा झालेला." तिनं डोळे मिटून घेतले. "नाही बघवत मला. मी लहानपणापासून बघितलंय सगळं. माझ्या पोराच्या वाट्याला ते नको होतं."

दादा "बरं" म्हणाला. त्यानं रिक्षा थांबवून दिली, पिशवी आत ठेवली. रिक्षा गेल्यावर तो तिथेच उभा राहिला, कुठे जायचं हे न कळून. म्हणजे छोटीला दिसत होतं. पहिल्यापासून दिसत होतं. वेणी धरून लोळवलं तेव्हाही, फुलं काढली तेव्हाही. तिनं फक्त कधी दाखवलं नाही.

त्या दिवसांत दादानं मलम लावणंच सोडून दिलं. अंघोळ उरकायची, कपडे चढवायचे, चालू पडायचं. कुणासाठी एवढा खटाटोप करायचा, हे त्याला कळेनासं झालं होतं. हातापायांना भेगा पडल्या, सदऱ्याला आतून रक्ताचे डाग लागायला लागले. दुकान बंद करायच्या वेळी तो नंबर काढायच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायचा. आता तिथे दिवसा एक तरुण मुलगी बसायची, तिला त्याचं नाव धड माहीत नव्हतं. मालक एकदा दारात आले. म्हणाले, "दादा, बरं नाही का तुला?" तो म्हणाला, "बरं आहे, मालक." त्यांनी खोलीतला दिवा लावला आणि ते गेले.

उन्हाळा डोक्यावर आला तेव्हा छोटीचा नवरा दुकानात आला. काउंटरवर न थांबता सरळ मागे.

"दादा, तुम्ही चला घरी," तो म्हणाला. "ती त्याला मलम लावायला घेते आणि रडायला लागते. मी लावतो, पण मला जमत नाही, तो किंचाळतो. शेजारणी बघतात म्हणून ती त्याला दिवसभर गुंडाळून ठेवते. माझं ऐकत नाही."

"तिनं येऊ नको म्हटलंय."

"मला माहीत आहे. मी बोलावतोय."

घरी खिडक्या बंद होत्या. खोलीत वाफ दाटलेली. बाळाच्या अंगात पूर्ण बाह्यांचं झबलं, वर स्वेटर, पायांत मोजे, डोक्याला टोपडं. तोंड लालबुंद झालं होतं आणि ते रडतही नव्हतं, नुसतं धापा टाकत होतं. या कातडीतून घाम धड बाहेर पडत नाही, उन्हात अंग भट्टीसारखं तापतं, हे त्याला स्वतःच्या अंगावरून ठाऊक होतं. त्यानं काही न विचारता बाळाचे कपडे काढले, खिडकी उघडली, साध्या पाण्यात फडकं भिजवून त्याच्या अंगावर फिरवायला सुरुवात केली. छोटीला म्हणाला, "अंगावर घे त्याला, पाज." मेव्हण्याला म्हणाला, "डॉक्टरांना फोन करा." तो पुसत राहिला. हळूहळू बाळाचा श्वास खाली बसला आणि मग ते रडलं, चांगलं खणखणीत. छोटी भिंतीला टेकून खाली बसली.

"मी मारलं असतं याला," ती म्हणाली.

"नाही मारलंस."

"त्याला कुणी नळावर पाठवू नये म्हणून झाकत होते. तुला आठवतं? तू घरी आलास तेव्हा कॉलर लाल झाली होती. मी दारातच होते. आई रात्रभर रडली होती आणि सकाळी तुला म्हणाली, काही नाही, जाईल मोठेपणी. याचं पुढचं सगळं मला आत्ताच माहीत आहे, दादा. इतर आयांना माहीत नसतं. मला सगळं पाठ आहे."

दादाला म्हणायचं होतं की एवढं काही वाईट नव्हतं. ते शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. पण छोटीसमोर ते खोटं बोलणं त्याला जमेना, तिनं सगळं पाहिलं होतं. तो म्हणाला, "त्याला अंघोळ घालू या. मी दाखवतो."

त्यानं दाखवलं. पाणी किती कोमट, अंगठा कसा फिरवायचा, खवला स्वतःहून सुटला तर घ्यायचा, ओढायचा नाही. मोठ्यांचं झोंबणारं मलम बाळाला नाही, डॉक्टरांनी दिलेलं साधंच, ते आधी हातांवर घेऊन कोमट करायचं. छोटी शिकली. तिचे हात लहानपणापासून हे काम जाणत होतेच. पण आता ती फुलं काढत नव्हती आणि दादाकडे बघत नव्हती. तो रोज संध्याकाळी यायला लागला. ती दार उघडायची, पाणी काढून ठेवायची आणि काम संपलं की म्हणायची, "जेवून जा." कधी तो जेवायचा, कधी नाही. बाळाचं लावता लावता त्यानं स्वतःचंही लावायला पुन्हा सुरुवात केली, कारण कोरड्या, फाटक्या हातांनी त्याला धरता येत नव्हतं.

पोर चालायला लागलं, बोलायला लागलं. मामाच्या मांडीवर बसून त्याच्या दंडाचे खवले नखानं उचकटायचं आणि स्वतःच्या दंडाशी लावून बघायचं. "माझं छोटं, तुझं मोठं," म्हणायचं. दादा हसायचा. छोटी उठून आत जायची.

डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या की दमट हवेत अशा मुलांना बराच आराम पडतो. छोटीच्या नवऱ्यानं तेव्हापासून समुद्राकाठच्या गावी बदलीसाठी साहेबांचा पिच्छा पुरवला आणि ती मिळाली. ट्रक भरताना दादा सामान बांधायला गेला होता. पोराची मलमं त्यानं वेगळ्या पिशवीत, हाताशी राहतील अशी ठेवली. मेव्हणा म्हणाला, "तुम्हीही कधी या तिकडे, तुम्हालाही बरं वाटेल." छोटी दोरीची गाठ आवळत होती. तिनं मान वर केली नाही. दादा म्हणाला, "दुकान आहे ना. मालकांचं वय झालंय." आणि तो विषय तिथेच राहिला.

निघताना छोटीनं एकदम त्याचा हात धरला, घट्ट. पोरानं आतून हाक मारली आणि ती चढली.

तिकडून तिचे फोन येतात. पोराची मान बरीच उजळली आहे, पोटरीवरचं पातळ झालंय, सालं कमी पडतात, शाळेत घातलंय, तिथल्या बाईंना आधीच सगळं सांगून ठेवलंय. दादा ऐकतो आणि "छान, छान" म्हणतो. मनापासून म्हणतो. तू ये, असं ती म्हणत नाही. तोही येऊ का म्हणून विचारत नाही. एकदा पोर फोनवर आलं आणि म्हणालं, "मामा, तुझं अजून तसंच आहे?"

"तसंच आहे रे."

"मग तू तिथे कशाला राहतोस?"

मागून छोटीचा आवाज आला, "दे इकडे फोन, मामाला काम असतं." पोरानं फोन दिला नाही. ते वाट बघत राहिलं. दादानं मशीन बंद केलं, पाण्याची धार थांबली, तरी त्याला काही सुचेना. शेवटी पलीकडून कुणीतरी फोन ठेवला. समोर एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची काच अर्धी घासून पडली होती. त्यानं मशीन पुन्हा सुरू केलं.